चौकातून दिसणारी छत्री

१२ फेब्रुवारी

बाबा,

नमस्कार. फोनवर माझं बोलणं तुम्हाला ऐकू येत नाही आणि कानाचं यंत्र तुम्ही कपाटात शोभेला ठेवलं आहे. तुमच्या चिरंजीवांकडे निरोप दिला की ते त्याची पार वाट लावतात. तेव्हा सासऱ्याला गाठायचं तर पत्रच लिहायला हवं, असं मी ठरवून टाकलं.

नव्या शहरात माझं बस्तान बसलं आहे. दवाखान्यात मला तिरळ्या डोळ्यांचा विभाग दिलाय. विभाग म्हणजे एक लांबट खोली, एका टोकाला अक्षरांचा तक्ता, दुसऱ्या टोकाला लहान मुलांची खुर्ची आणि मध्ये मी. तुम्ही नेहमी विचारता ना, की मी दिवसभर पोरांच्या डोळ्यांत बघत काय बसते? ऐका. जवळची वस्तू बघायची झाली की डोळ्यांना दोन कामं एकदम करावी लागतात. आतल्या भिंगाने फोकस आवळायचा आणि दोन्ही बुबुळांनी नाकाच्या बाजूला वळायचं. ही दोन्ही कामं एकमेकांना बांधलेली आहेत. फोकस आवळला की डोळे आपोआप आत येतात. काही मुलांचे मात्र प्रमाणाबाहेर आत येतात आणि एक डोळा थेट नाकाशी जाऊन बसतो. किती फोकसमागे डोळे किती आत येतात हे प्रमाण मोजायचं, ही माझी नोकरी.

मोजायची रीत साधी आहे. मुलाला एका चित्राकडे बघायला लावायचं, एक डोळा चमच्यासारख्या काळ्या झाकणीने झाकायचा, झाकणी काढायची आणि डोळा जागचा हलतो का ते बघायचं. हलला तर पुढे काचेचे लोलक धरत जायचे. ज्या लोलकाला हालचाल थांबेल, तो तिरळेपणाचा आकडा. एकदा लांबचं बघताना, एकदा जवळचं.

आता काम काढते. जवळ धरायच्या चित्राची आमची पट्टी इतकी झिजली आहे की ते मांजर आहे की किटली, यावर मुलांत भांडणं होतात. तुम्ही जन्मभर शहरभराच्या पाट्या रंगवल्या. बोटभर पट्टीवर एखादं चित्र काढून द्याल का?

तुमची,
सूनबाई


२५ फेब्रुवारी

सूनबाई,

कानाचं यंत्र शोभेला ठेवलेलं नाही. ते कानात शिट्टी मारतं. या वयात कोणी शिट्टी मारलेली मला चालणार नाही.

सोबत तीन पट्ट्या पाठवतोय. लाल छत्री, पिवळी बस आणि काळं मांजर. याला जो किटली म्हणेल त्याला माझ्याकडे पाठव. आमच्या धंद्याचा नियम एकच. चौकाच्या पलीकडून, चालत्या माणसाला, एका नजरेत कळलं पाहिजे. थांबून, डोळे बारीक करून वाचावी लागते ती पाटीच नव्हे. छत्री तयार झाल्यावर मी ती शेजारच्या न्हाव्याला दारात धरायला लावली आणि स्वतः रस्ता ओलांडून उभा राहिलो. झकास दिसली. आत खुर्चीवरचं गिऱ्हाईक अर्ध्या दाढीने ताटकळलं, त्याचा मात्र पारा चढला.

तुझं ते बांधलेल्या दोन कामांचं प्रकरण मला लगेच कळलं. उंच भिंत रंगवताना आमची फळी दोन दोरांवर टांगलेली असायची. एका टोकाला मी, दुसऱ्याला जोडीदार. मी हातभर दोर सोडला की त्यानेही हातभरच सोडायचा. जोडीदार उतावळा असला की फळी तिरकी आणि रंगाचा डबा खालच्या माणसाच्या डोक्यावर. तुझ्या पोरांच्यात तो उतावळा जोडीदार आहे, असंच ना?

आणखी एक. तुझं अक्षर मागच्या वर्षीपेक्षा मोठं झालंय. अक्षरावर माझं पोट चाललं, मला फसवू नकोस. डोळ्यांच्या दवाखान्यात नोकरी करतेस, तर जाता जाता स्वतःचे डोळेही दाखव.

— बाबा


२० मार्च

बाबा,

तुमच्या पट्ट्यांनी दवाखान्यात धमाल उडवून दिली. एक मुलगी छत्री घरी न्यायची म्हणून खुर्चीतून उठेना. नर्सबाईंनी बस मागितली, मी दिली नाही. मुलं आता माझ्याकडे यायला रडत नाहीत, आणि मोठे डॉक्टर, जे कुणाला सहसा चांगलं म्हणत नाहीत, त्यांनी पट्टी उलटसुलट करून विचारलं की हा हात कोणाचा. मी म्हटलं, माझ्या सासऱ्यांचा. सांगताना माझीच मान ताठ झाली.

उतावळ्या जोडीदाराचं मी सगळ्या आईबापांना सांगत सुटले आहे. माझ्या पुस्तकात दोन पानं खर्ची घालूनही ते इतकं नीट सांगितलेलं नाही.

एकच गोष्ट मनाला लागून राहिली आहे. एक सात वर्षांची मुलगी येते. एका जागी म्हणून टिकत नाही, सारखी गरगरते, म्हणून मी तिला भिंगरी म्हणते. तिची आई शिवणकाम करते. आई सांगते, हिचा डावा डोळा आत जातो. मी लांबचं मोजलं, डोळे सरळ. छत्री धरून जवळचं मोजलं, तरी जवळजवळ सरळच. डॉक्टरांनी माझ्या आकड्यांवर विसंबून सांगितलं की काळजी नको, वर्षाने या. पण जिना उतरताना आईने मागे वळून माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती जात नाही डोळ्यांसमोरून.

अक्षराचं म्हणाल तर इथले दिवे मंद आहेत. डोळे ठणठणीत आहेत माझे.

सूनबाई


२ एप्रिल

सूनबाई,

तुझं पत्र मी न्हाव्याच्या दुकानात मोठ्याने वाचून दाखवलं. मला ऐकू येत नाही म्हणून मी जरा जास्तच मोठ्याने वाचतो, तेव्हा समोरच्या औषधवाल्यालाही कळलं असणार. मोठ्या डॉक्टरांनी विचारलं तो भाग दोनदा वाचला.

खरं सांगतो पोरी, छापील फलक आले तेव्हापासून माझ्या दारात काम घेऊन कोणी आलं नव्हतं. येतात ते रिकामे डबे आहेत का विचारायला. इतक्या वर्षांनी कुणी मागून काम घेतलं, आणि ते चाललं. रात्री झोप छान लागते.

आणखी पट्ट्या करायला घेतल्या आहेत. या वेळी रेषा अजून जाड ठेवतोय आणि मागे पांढरा रंग देतोय, म्हणजे आंधळ्यालाही दिसतील.

त्या भिंगरीचं मात्र पुन्हा बघ. आई सुईदोऱ्याचं काम करते म्हणतेस, म्हणजे तिची नजर बारीक असणार. तू मोजलंस ते बरोबर असेल, पण ती म्हणते ते चूक कशावरून?

— बाबा


२८ एप्रिल

बाबा,

हे पत्र मी आठवडाभर लांबणीवर टाकलं. आता लिहिते, आणि तुम्ही रागावणार हे धरूनच लिहिते.

भिंगरीची आई वर्ष न थांबता परत आली. शाळेतल्या बाई म्हणाल्या होत्या की ही वाचताना एक डोळा मिटून घेते. मी आईला विचारलं, घरी नेमकं काय करताना डोळा आत जातो? ती म्हणाली, "मला सुईत दोरा ओवून देते ना, तेव्हा." तिच्या पदराला सुई टोचलेलीच होती. भिंगरीने सुई धरली, दोऱ्याचं टोक ओलं केलं, नेढ्यावर नजर लावली आणि डावं बुबुळ सरळ नाकाच्या कोपऱ्यात गेलं. मी सुई काढून त्याच जागी तुमची छत्री धरली. डोळा सरळ. पुन्हा सुई दिली, डोळा आत. मी किती वेळ तोच खेळ करत बसले कोण जाणे.

तुमची छत्री फार स्पष्ट आहे, बाबा. ती ओळखायला फोकस आवळावाच लागत नाही. धूसर दिसली तरी ती लाल छत्रीच असते. मुलं कामचुकार असतात. डोळा ढिला सोडून आरामात 'छत्री' म्हणतात. फोकस आवळलाच नाही तर दुसरा दोर ओढला जाणार कसा? आणि मी मोजणार काय? माझं माप खोटं निघालं.

मी तशीच डॉक्टरांकडे गेले आणि सांगितलं की माझे आकडे चुकले. ते म्हणाले, "बरोबर माप आणा, मग ठरवू." घाई अशासाठी आहे की दोन डोळे दोन दिशांना बघू लागले की मेंदूला दोन चित्रं दिसतात, आणि या वयाचा मेंदू वळलेल्या डोळ्याचं चित्र सरळ टाकून देतो. ती सवय एकदा लागली की भिंगरीला दोन्ही डोळे मिळून बघणं पुन्हा शिकवणं फार अवघड.

सुईवर माप घेता येत नाही, तिचे हात आणि मान सारखे हलतात. पुस्तकातली बारीक अक्षरं धरली तर क्षणात कंटाळून छताकडे बघते. मला चित्रच हवं. पण असं, की डोळ्यात तेल घालून बघितल्याशिवाय त्यातलं काही कळणारच नाही. तुमच्या नियमाच्या अगदी उलट. चौकातून मुळीच दिसणार नाही असं.

चूक तुमची नाही. मी मागितलं तेच चुकीचं मागितलं. रागवा, पण पत्र लिहा.

सूनबाई


२४ मे

बाबा,

तुमचं पत्र नाही. हे म्हणाले, बाबांची तब्येत ठीक आहे, कामात आहेत. कसलं काम ते यांना माहीत नाही, यांना काहीच माहीत नसतं.

दुसऱ्या एका माणसाकडून पट्टी करून घ्यावी का, असं नर्सबाईंनी सुचवलं. मी नको म्हटलं. भिंगरीची आई परवा दारात येऊन गेली, मी तिला आणखी थोडं थांबा म्हणाले. तिला थांबवून ठेवायला मला लाज वाटते.

सूनबाई


९ जून

सूनबाई,

तुझं ते पत्र वाचलं, घडी घातली आणि टर्पेंटाइनच्या डब्याखाली ठेवून दिलं. राग आला होता. जाड रेष हा माझा दोष, असं जन्मात पहिल्यांदा ऐकलं. न्हाव्याला सांगितलं, तर तो म्हणाला, बरोबर आहे तुमच्या सुनेचं. त्याच्याशीही बोललो नाही मग.

एक दिवस बसल्या बसल्या छत्रीची उरलेली पट्टी हातात घेतली आणि चष्मा काढला. चष्म्याशिवाय मला ताटातलं धड दिसत नाही. पण छत्री दिसली. लाल, देखणी, अगदी निवांत. तिथेच राग संपला. तू म्हणतेस तसंच आहे.

मग कामाला लागलो आणि नाकी नऊ आले. माझा हात खांद्यातून चालणारा. भिंतीवर एक ओळ ओढायला मी चार पावलं चालायचो. आता हात टेबलाला टेकवून, श्वास धरून, फक्त बोटांनी. ब्रशचे केस न्हाव्याने कात्रीने कमी करून दिले (बोलणं पुन्हा सुरू आहे). भिंग स्टँडवर बसवलं. आधीची सगळी चित्रं म्हणजे नुसते डाग पडले. झाडाचा कोबी झाला. चिडून उठायचो, पुन्हा बसायचो. त्या पोरीला तिची आई सुई देते आणि तिचा डोळा आत जातो, हे चित्र डोक्यातून हलेना.

अखेर जमलं. पट्टीवर एक रस्ता काढलाय. दुकानं आहेत, वर घरं आहेत. मी रंगवलेल्या ज्या पाट्यांवर छापील फलक ठोकले, त्या सगळ्या या रस्त्यावर परत लावल्या आहेत. एकेक वाचता येते, फक्त मन लावून बघितलं पाहिजे. आणि मी जन्मात माणूस काढला नव्हता, अक्षरं आणि छत्री-मांजरासारख्या गोष्टी सोडून कशाला हात लावला नव्हता, तोही नेम मोडला. बाकी काय आहे ते सांगणार नाही. बघणाऱ्याला दिसेल.

तू साहेबांकडे जाऊन 'माझं माप चुकलं' म्हणालीस. आमच्या धंद्यात पाटी वाकडी लागली तर भिंत वाकडी आहे म्हणणारेच भेटले सगळे. माझ्या घरात अशी सून आली, याचा मला अभिमान वाटतो. हे तोंडावर सांगितलं नसतं. पत्रात चालतं.

— बाबा


२९ जुलै

बाबा,

मुद्दाम पत्र लिहिलं नव्हतं. शेवट झाल्यावरच लिहायचं ठरवलं होतं.

पट्टी आली त्या दिवशी मी ती खिडकीशी नेली. रस्ता दिसला, दुकानं दिसली, पाट्यांवर काहीतरी लिहिलंय हेही दिसलं. मी हात लांब करून बघितलं, जवळ आणून बघितलं, आणि इतकं बारीक काम पाहून थक्क झाले. मग पट्टी खिशात टाकली. नंतर काही मी ती पाहिली नाही, कारण माप घेताना चित्र मुलाकडे असतं आणि माझ्याकडे पट्टीची कोरी पाठ. मला डोळे बघायचे असतात, चित्र नाही.

भिंगरीला बसवलं आणि म्हटलं, दुकानांच्या दारांत कोणी बसलंय का, शोधून सांग. ती एकदम स्तब्ध झाली. बाबा, ती मुलगी कधी स्तब्ध होत नाही. "मांजर," म्हणाली, "आणि त्याला मिश्या आहेत." त्याच क्षणी डावा डोळा आत गेला आणि मी लोलक धरत गेले, धरत गेले. आकडा एवढा मोठा निघाला की मी पुन्हा पहिल्यापासून मोजलं. मग फोकसचं ओझं हलकं करणारी भिंगं तिच्या डोळ्यांपुढे धरली, आणि डोळा तुमच्या फळीसारखा हळूहळू सरळ रेषेत आला. प्रमाण मिळालं. डॉक्टरांनी सगळे आकडे बघितले, मग स्वतः पट्टी घेऊन एक मोजणी करून बघितली आणि म्हणाले, "शस्त्रक्रिया नको. चष्म्यावर भागेल." दोन भागांचा चष्मा सांगितला, वरून लांबचं बघायचं, खालच्या जाड भागातून जवळचं, म्हणजे फोकस फार आवळावा लागणार नाही आणि उतावळा जोडीदार धावणार नाही. ती पट्टी त्यांनी मला परत देताना दोन्ही हातांनी दिली. हे मी पाहिलं म्हणून लिहिते.

आज सकाळी भिंगरी नवा चष्मा लावून आली. तिची आई आत येईना, दाराशी पदराचं टोक पिळत उभी राहिली. खालच्या काचेतून बघूनही डोळा वळला असता, तर पुढे काय, हे मला तिला सांगावं लागलं असतं. मी पट्टी धरली आणि म्हटलं, आज काहीतरी नवीन शोध. तिने दुकानं वाचली. तुमच्या सगळ्या पाट्या वाचल्या, छत्र्यांचं दुकान, घड्याळवाला, पीठगिरणी. मी डोळा झाकत होते, काढत होते. सरळ. पुन्हा. सरळ.

मग ती म्हणाली, "बाई, तुम्ही पण आहात इथे."

मी म्हटलं, कुठे?

"वरच्या खिडकीत. हातात तो काळा चमचा आहे." झाकणीला ती चमचा म्हणते. "खाली पाटी आहे तुमची."

मी म्हटलं, वाच.

ती एकेक अक्षर लावत वाचायला लागली. "ये-थे डो-ळे जु-ळ-वून मि-ळ-ती-ल."

मी झाकणी काढली. एवढ्या बारीक अक्षरांवर नजर रोवून तिचे दोन्ही डोळे जागच्या जागी होते, तसूभर हलले नाहीत. निदान मला तसं वाटतं, कारण नेमकं तेव्हाच मला दिसेनासं झालं. मी तिला सांगितलं, पुन्हा वाच. तिने वाचलं. आणखी एकदा वाच म्हटलं. तिच्या आईला वाटलं की काहीतरी बिनसलं, ती धावत आत आली, आणि मला तिला रडत रडत सांगावं लागलं की डोळा सरळ आहे हो, अगदी सरळ आहे. मग आम्ही दोघी रडलो आणि भिंगरी खुर्चीवर गरगर फिरत राहिली.

त्या गेल्यावर मी पट्टी उलटी केली आणि खिडकी शोधली. दिसेना. उजेडात नेली, हात ताणला, तरी दिसेना. शेवटी मोठ्या डॉक्टरांचा वाचायचा चष्मा मागून आणला. ते हसले, मी दुर्लक्ष केलं. चष्मा लावला आणि तो रस्ता एकदम उघडला. पीठगिरणीच्या वरची ती खिडकी, तिच्यात मी, माझा एका बाजूला कललेला अंबाडा, हातात झाकणी. माणूस न काढणाऱ्या माणसाने काढलेली.

हे पत्र तोच चष्मा लावून लिहिते आहे, अक्षर बघा, पुन्हा लहान झालंय. आणि हो, खिडकीतल्या बाईच्या नाकावर तुम्ही काय ठेवलंय तेही दिसलं. उद्याच तसा एक करायला टाकते.

तुमची,
सूनबाई